आठवणींचे भागीदार

आठवणींत रमणाऱ्या माणसाकडे आपण फारशा कौतुकाने पाहत नाही. कोणी जुन्या गोष्टी काढून बसले की घरातली तरुण मंडळी काही तरी निमित्त काढून हळूच उठतात, आणि सांगणाऱ्यालाही आपण आजच्या दिवसाकडे पाठ फिरवत आहोत की काय, अशी उगाच शंका येऊ लागते. ही शंका बरीच जुनी आहे. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने घरापासून दूर राहणाऱ्यांना लागणाऱ्या ओढीवर प्रबंध लिहिला, तिला नॉस्टॅल्जिया हे नाव दिले आणि तिची गणना सरळ रोगांमध्ये केली. झोप उडणे, भूक मंदावणे, छातीत धडधडणे, अंगातली शक्ती जाणे अशी तिची लक्षणेही त्याने नोंदवली. त्याच्या प्रबंधात बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिगत आहे. हा मुलगा मरणाच्या दारात पोहोचला होता, पण त्याला घरी न्यायचे ठरले आणि वाटेतच, घर दिसण्यापूर्वीच, तो पूर्ण बरा झाला.

ही हकिगत वाचली तेव्हा मला त्यातला रोग फारसा दिसला नाही. आपल्या माणसांकडे निघालो आहोत एवढ्या जाणिवेत केवढे बळ असते, ते दिसले. पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी, २००६ साली, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठातील टिम वाइल्डशुट, कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आपल्या हृद्य आठवणी लिहायला सांगून त्या तपासल्या, तेव्हा त्या आठवणी बहुधा जिवलगांच्या सहवासाच्या असल्याचे त्यांना आढळले. मन उदास असताना किंवा एकटे वाटत असताना माणूस अशा आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवल्यानंतर आपण कोणाचे तरी आहोत ही भावना त्याच्या मनात बळावते, असेही त्यांना दिसून आले.

हे मला मनोमन पटते. पण त्याला माझी एक पुस्ती जोडावीशी वाटते. आठवणीचा आनंद एकट्याने घेता येतो, परंतु तो अर्धाच असतो. ज्या प्रसंगाची आठवण आहे त्या प्रसंगी हजर असलेले, किंवा निदान तो प्रसंग मनापासून ऐकून घेणारे दुसरे कोणी समोर बसलेले असले, की तीच आठवण निराळी होते. तिच्यात आवाज येतात, तिला फाटे फुटतात, तिच्यावरून वाद होतात. नातेवाइकांकडे जाणे-येणे आणि रोजच्या ओळखीपाळखीतून झालेली मैत्री यांचे मोल मला अलीकडे या एका कारणासाठी फार वाटू लागले आहे. ही माणसे आपल्या आठवणींची भागीदार असतात.

आई आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, एकत्र आले की एका पावसाळी रात्रीची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. त्या रात्री छपराचा एक भाग वाऱ्याने उचकटला, खोलीत पाणी गळू लागले, आणि आजोबांनी सगळ्या भावंडांना मोठ्या लाकडी टेबलाखाली अंथरूण घालून झोपवले. इथपर्यंत दोघांचे एकमत असते. आईच्या म्हणण्यानुसार आजोबा रात्रभर कंदील हातात धरून टेबलाशेजारी बसून होते आणि त्या उजेडात त्यांची सावली भिंतीवर हलताना तिने पाहिली. मामाच्या म्हणण्यानुसार कंदील पहिल्या झोतातच विझला होता, काड्यापेटी भिजली होती, आणि आजोबांनी अंधारातच गोष्ट सांगायला सुरुवात केली, म्हणून तर ती गोष्ट त्याच्या कानांत अजून राहिली आहे. "दादा, तू सगळ्यात आधी झोपलास, तुला काय माहीत?" असे आई म्हणते. "झोपलो असतो, तर गोष्ट कुणी ऐकली?" असे मामा विचारतो. मग आई टेबलावर बोटांनी कोणी कुठे झोपले होते त्याचा नकाशा काढते आणि मामा तिचे बोट उचलून दुसरीकडे ठेवतो. दोघांचीही वये आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि तो नकाशा काढताना दोघांच्या चेहऱ्यांवर जे येते ते मला अन्य कोणत्याही प्रसंगी पाहायला मिळत नाही.

लहानपणी मला वाटे की दोघांपैकी एक जण चुकत आहे आणि खरे काय ते एकदा ठरले पाहिजे. आता तसे वाटत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक अपरिचित लोककथा वाचायला दिली होती आणि ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली होती. प्रत्येक वेळी कथा थोडी बदलली. सीलची शिकार करायला निघालेले तरुण काहींच्या लेखी मासेमारीला निघाले, त्यांच्या डोंगीची साधी होडी झाली, आणि जे वाचकांना कळले नव्हते ते गळून पडले. आठवताना माणूस जुनी नोंद बाहेर काढून वाचत नाही, तर उरलेल्या खुणांवरून प्रसंग नव्याने रचतो, असा निष्कर्ष बार्टलेट यांनी काढला. पुढील संशोधनानेही या म्हणण्याला बळकटी दिली आहे. आठवण अशी बदलती असल्याचे कळल्यावर काही जण खिन्न होतात. मला मात्र त्यात दिलासा वाटतो. आईला त्या रात्री वडिलांचा चेहरा दिसत राहणे महत्त्वाचे होते आणि मामाला त्यांचा आवाज. दोघांनी आपापल्या गरजेप्रमाणे ती रात्र जपली, आणि दोघांची रात्र एकत्र ठेवली तरच मला, जो त्या रात्रीनंतर कित्येक वर्षांनी जन्मलो, माझे आजोबा पूर्ण मिळतात.

असे एकत्र आठवणे ही काही केवळ हौस नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्ब्वाक्स यांनी १९२५ सालीच मांडले होते की, माणूस आठवतो तो आपल्या माणसांच्या चौकटीत. कुटुंब, समाज, सोबती यांनी पुरवलेल्या खुणांवाचून त्याला आपला भूतकाळ धरून ठेवता येत नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन मांडले की, दीर्घकाळ एकत्र राहिलेली माणसे स्मरणाचे काम नकळत वाटून घेतात. वाढदिवस एक जण लक्षात ठेवतो, रस्ते दुसरा; नावे एकीला आठवतात, त्या नावांमागची भांडणे दुसऱ्याला. मामी गेल्यावर मामा काही महिने फार गप्प होता. एकदा तो म्हणाला, "मला प्रसंग आठवतात रे, पण कोणत्या वर्षी ते तिला ठाऊक असायचे." त्या वाक्यातले दुःख किती काटेकोर होते, ते मला वेग्नर यांचे म्हणणे वाचल्यावर कळले. माणूस जातो तेव्हा तो आपल्या मनाचा एक भागही घेऊन जातो, असे आपण शोकाच्या भरात म्हणतो. ते बऱ्याच अंशी जसेच्या तसे खरे आहे.

म्हणून भेटी लांबणीवर टाकू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. भेट म्हणजे नुसते जाऊन येणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नातेवाइकांकडच्या भेटीचा पहिला तास बहुधा बातम्यांचा असतो. तब्येत कशी आहे, मुले काय करतात, नोकरीचे काय झाले, कोणाचे कुठे जमले. हे सारे विचारून झाले की एक लहानशी शांतता पसरते, आणि बहुतेक पाहुणे नेमके त्याच क्षणी घड्याळाकडे पाहून उठतात. खरी भेट त्या शांततेच्या पलीकडे सुरू होते. बातम्या संपल्यावर कोणाला तरी काही तरी आठवते. खिडकीची कडी, जुन्या कपाटाची किल्ली, दारामागे पेन्सिलीने आखलेल्या मुलांच्या उंचीच्या रेषा यांपैकी एखादी वस्तू नजरेस पडते आणि "आठवतं का गं" असे म्हणत संभाषणाची गाडी रुळावर येते. ज्याला हे हवे असेल त्याने त्या शांततेत चुळबुळ न करता बसून राहायला शिकले पाहिजे.

काय विचारावे, यालाही महत्त्व आहे. वयस्कर माणसांना "जुन्या काळातले काही तरी सांगा" असे मोघम म्हटले तर त्यांनाही सुचत नाही. मानवी स्मृतीचा एक विशेष असा की, वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधले प्रसंग उतारवयात इतर काळातल्या प्रसंगांपेक्षा अधिक संख्येने आणि अधिक स्पष्ट आठवतात. पहिली नोकरी, पहिले घर, पहिला दूरचा प्रवास, स्वतःच्या हिमतीवर घेतलेला पहिला निर्णय हे सारे त्याच काळात घडते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तेव्हा मामाला त्याच्या पहिल्या पगाराबद्दल न विचारता, पहिल्या दिवशी कामावर जाताना पायात काय घातले होते असे मी विचारले, तर तो तासभर बोलतो. बूट मोठ्या चुलतभावाचे होते, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले होते, आणि वरिष्ठांच्या खोलीत शिरताना त्यातला एक बोळा बाहेर आला. प्रश्न जितका लहान आणि हाताने धरता येण्यासारखा, तितके उत्तर मोठे.

रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांचे येथे स्मरण केले पाहिजे. वृद्ध माणसे सतत मागच्या गोष्टी काढतात हे त्यांची बुद्धी मंदावल्याचे लक्षण आहे, असा समज वैद्यकाच्या क्षेत्रातही रूढ असताना १९६३ साली त्यांनी लिहिले की, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर आपल्या जगण्याचा आढावा घेणे ही माणसाची स्वाभाविक गरज आहे. पुढे याच विचारातून वृद्धांच्या शुश्रूषेत आठवणी सांगण्या-ऐकण्याला उपचाराचे स्थान मिळाले. बटलर यांनी ज्याला आढावा म्हटले, तो घेताना समोर ऐकणारा कोणी असणे किती गरजेचे आहे, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ एक दुपार बसले की उमगते. तो तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असला तरी ती अगदी तशीच सांगत नाही. एखादा तपशील नव्याने येतो, एखाद्या माणसाला या वेळी क्षमा केलेली असते.

या भेटींत मुलांनी असावे, असा माझा आग्रह आहे, मग ती ऐकत नसल्यासारखी दिसली तरी चालेल. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी कौटुंबिक गोष्टींवर दीर्घकाळ काम केले. त्याची सुरुवात ड्यूक यांच्या पत्नी सारा यांच्या एका निरीक्षणातून झाली. त्या स्वतः मानसशास्त्रज्ञ होत्या आणि शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसोबत काम करीत. ज्या मुलांना आपल्या कुटुंबाबद्दल बरेच ठाऊक असते, ती अडचणींना अधिक चांगले तोंड देतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. मग ड्यूक आणि फिवुश यांनी २० प्रश्न तयार केले. तुझे आईवडील कुठे भेटले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, घरातल्या कोणावर कोणते संकट आले होते, असे ते साधे प्रश्न होते. ज्या मुलांना अधिक उत्तरे देता आली, त्यांचा आत्मसन्मान अधिक होता आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असे त्यांना अधिक वाटत होते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती उत्तरे पाठ करून घेतल्याने मुले कणखर होणार नाहीत. उत्तरे मुलांपर्यंत पोहोचली ती वर्षानुवर्षे एकत्र बसून बोलणाऱ्या माणसांमुळे, आणि त्या बसण्या-बोलण्यातच ते बळ असते. ड्यूक यांचे असेही म्हणणे आहे की, घराण्याची केवळ भरभराट सांगणाऱ्या गोष्टींपेक्षा चढ आणि उतार दोन्ही सांगणाऱ्या गोष्टी मुलांना अधिक आधार देतात. बुटातला कागदाचा बोळा माझ्या भाच्याला त्याच्या आजोबांच्या बढतीपेक्षा जवळचा वाटतो, त्याचे कारण हेच असावे.

सर्वच घरांत असे बसता येत नाही, याची मला जाणीव आहे. काही घरांत जुना विषय निघाला की जुनी जखमही उघडी पडते, आणि तेथे गप्प राहणेच शहाणपणाचे असते. अशा वेळी रक्ताच्या नात्यांबाहेर आपले भागीदार शोधावे लागतात, आणि ते सापडतात.

मावशीकडे एक जुना फोटो आहे. पाच-सहा मुले ओळीने उभी आहेत, उन्हाने सर्वांचे डोळे बारीक झाले आहेत, मागच्या बाजूला पेन्सिलीने "डावीकडून तिसरी मी" असे लिहिलेले आहे. हा फोटो मी अनेकदा पाहिला होता. एका भेटीत मावशीने चष्मा पुसला आणि फोटोच्या खालच्या कडेवर नखाने हळूच टकटक केले. तेथे जमिनीवर एक लांब सावली पडली आहे, फोटो काढणाऱ्याची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित वर आहे. "हे तुझे आजोबा," मावशी म्हणाली, "ओझी उचलून त्यांचा तो खांदा तसाच राहिला होता." ज्या माणसाचा फोटो घरात नाही असे आम्ही सगळे समजत होतो, तो इतकी वर्षे त्या कडेवर उभा होता. कागदावर ते सर्व होतेच. ते वाचणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि आम्ही वेळेवर तिच्याजवळ बसलो म्हणून ते आम्हाला मिळाले.

फोटोंबद्दल बोलतोच आहे, तर हेही सांगतो. लिंडा हेंकेल या अमेरिकी संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर फोटो काढलेल्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, त्यांची आठवण शाबूत राहिली. लक्ष देऊन पाहिले तर कॅमेरा आठवणीच्या आड येत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. आपल्या फोनमध्ये आज हजारो फोटो आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते ती संख्येमुळे नाही. ते आपण कोणाच्या शेजारी बसून पाहत नाही, म्हणून वाटते. वर्षातून एखाद्या दिवशी त्यांतले थोडेसे निवडून, छापून, त्यांच्या मागे नावे लिहून ते मांडीवर घेऊन चार जणांनी बसावे. सावलीकडे बोट दाखवणारे कोणी तरी तेथे असतेच.

आता रोजच्या मैत्रीकडे वळतो, कारण तिच्यावर फारसे कोणी लिहीत नाही. जिवाभावाच्या मैत्रीचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. पण आपले बहुतेक दिवस ज्यांच्या सोबतीने सुसह्य होतात, ती माणसे निराळीच असतात. सकाळी फिरायला जाताना ठरावीक वळणावर भेटणारे गृहस्थ, वाचनालयात पुस्तक परत घेताना त्याच्याबद्दल एक वाक्य हमखास बोलणाऱ्या बाई, गच्चीवर कपडे वाळत घालताना हवामानाचा अंदाज सांगणारी शेजारीण. गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी अधिक बोलणे झाले, त्या दिवशी लोक अधिक आनंदी असल्याचे आणि आपण या जगाचा भाग आहोत असे त्यांना अधिक वाटल्याचे दिसून आले. त्या दोन वाक्यांच्या बोलण्यात काय असते, असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही. पण वाचनालयातल्या त्या बाई आठवडाभर रजेवर असल्या की पुस्तक बदलून परतताना काही तरी राहून गेल्यासारखे वाटते.

अशी मैत्री ठरवून होत नाही. ती येण्या-जाण्याच्या वाटेवर होते. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास करून १९५० साली दाखवले की, कोणाची कोणाशी मैत्री होईल हे बऱ्याच प्रमाणात दारे आणि जिने ठरवतात. शेजारच्या दाराशी मैत्री होण्याची शक्यता सर्वांत अधिक होती, आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावरच्या माणसांशी इतरांपेक्षा अधिक सूत जमले होते. याउलट वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास, आणि जिवलग म्हणता येण्यासाठी २०० हून अधिक. मोठेपणी मित्र होत नाहीत, अशी तक्रार आपण करतो, तेव्हा हे तास कुठून आणायचे हा खरा प्रश्न असतो. शाळेत ते आपल्याला न मागता मिळाले होते. आता ते रोजच्या दिवसातून दहा-पंधरा मिनिटांनी साठवावे लागतात, आणि म्हणूनच जिन्यात थांबून बोलण्याला वेळ वाया घालवणे म्हणायला मी तयार नाही.

रोजच्या मैत्रीची आणखी एक गंमत आहे. तिच्या आठवणी सुट्या सुट्या राहत नाहीत. सकाळी माझ्याबरोबर चालणारे स्नेही आणि मी यांच्यात वर्षानुवर्षे जे बोलणे झाले, त्यातली एखादी विशिष्ट सकाळ सांग म्हटले तर मला सांगता येणार नाही. पुन्हा पुन्हा घडणारे प्रसंग मनात एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एकच प्रसंग होतो. माझ्या मनातल्या त्या एका सकाळी धुकेही असते आणि ऊनही, त्यांच्या डोक्यावर टोपी असते आणि नसतेही, आणि ते नेहमीप्रमाणे एखाद्या बातमीवर हात हलवून मत देत असतात. मोठ्या प्रसंगांच्या आठवणी कौतुकाने काढल्या जातात. ही आठवण काढावी लागत नाही, ती दिवसाच्या तळाशी असतेच.

दूर गेलेल्या मित्रांच्या बाबतीत मात्र थोडे धाडस करावे लागते. बऱ्याच वर्षांत बोलणे झालेले नसते, आता अचानक काय म्हणून फोन करायचा, त्याला काय वाटेल, असा संकोच आपल्याला अडवतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, आपण सहज केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल याचा आपला अंदाज बहुधा कमी निघतो. आणि ती जितकी अनपेक्षित, तितकी अधिक आवडते. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राने मध्यंतरी दोनच ओळी पाठवल्या: "आज एका जिन्याची तिसरी पायरी वाजली. आपल्या जिन्याची आठवण झाली." आमच्या वसतिगृहाची तिसरी पायरी करकरत असे, आणि रात्री उशिरा येताना ती चुकवून चौथीवर पाय टाकायचा, हे आम्ही एकमेकांना शिकवले होते. ते संपूर्ण जगात आता आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. मी तो संदेश दिवसभर पुन्हा पुन्हा वाचला आणि संध्याकाळी त्याला फोन केला. आम्ही पायरीबद्दल दोन मिनिटे बोललो आणि बाकीचा वेळ त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल.

वय वाढते तसे मूळ साक्षीदार कमी होत जातात, हे टाळता येण्यासारखे नाही. त्या पावसाळी रात्री टेबलाखाली झोपलेल्या भावंडांपैकी आता तिघेच आहेत. पण गेल्या काही वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे आणि तिने मला फार आनंद दिला आहे. आठवणीला भागीदार नव्याने मिळू शकतात. ज्यांनी माझ्या आजोबांना कधी पाहिले नाही, त्या सकाळच्या स्नेह्यांना मी ती रात्र सांगितली आहे. प्रथम आईच्या बाजूने, नंतर कधी तरी मामाच्या बाजूने. त्यांनीही मला त्यांच्या वडिलांच्या सायकलीची गोष्ट सांगितली आहे, आणि ती सायकल आता मी रंगासकट सांगू शकतो. परवा त्यांची नात आमच्याबरोबर चालायला आली होती. वाटेत मी तिला टेबलाखालच्या मुलांची गोष्ट सांगू लागलो आणि कंदिलापाशी आलो, तर त्यांनी मला थांबवले. "अहो, मागे तुम्ही काड्यापेटी भिजली होती म्हणाला होतात," ते नातीकडे वळून म्हणाले, "कंदील नव्हताच. यांचे आजोबा अंधारात बोलत होते. पुढचे मी सांगतो." आणि त्यांनी पुढचे सगळे सांगितले.